धाकट्याच्या घरची लाइन

टेलिफोन कंपनीच्या लाइन तपासणीच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला दिवसभर एकच रडगाणं ऐकावं लागतं. गिऱ्हाईक आपल्या मोडेमचं पान उघडतं, तिथले आकडे वाचतं आणि फोन करून म्हणतं, "इथे कमाल वेग बारा लिहिलाय, मग मला आठच का? वरचे चार कुठे मुरले?" जणू काही तपासणीवाल्याने ते चार घरी नेऊन फडताळात दडवून ठेवलेत.

आपल्या गोष्टीतले गृहस्थ हे रडगाणं ऐकत निवृत्तीला टेकले होते. आधी खांबावर चढायची नोकरी. मग गुडघ्यांनी हात टेकले, म्हणजे गुडघे हात कसे टेकणार म्हणा, पण टेकले, आणि त्यांना खोलीत खुर्ची मिळाली. ऑफिसात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. मार्जिनराव म्हणायचे. कारण कोणी काहीही विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं. "अहो, पेला काठोकाठ भरून कोणी चालतं का? दोन बोटं रिकामी ठेवावी लागतात. तारेवर खरखर येते, जाते. ती आली तरी लाइन सांडू नये म्हणून ही दोन बोटं. त्याला म्हणतात मार्जिन. कमाल वेग म्हणजे काठोकाठ पेला. तो हिशोबापुरता असतो, प्यायला मिळत नाही."

लोकांना ते पटायचं. न पटेल त्याला ते दुसऱ्यांदा सांगायचे, तिसऱ्यांदा सांगायचे, शेवटी माणूस कंटाळून "बरं बरं" म्हणायचा. लाइन सारखी तुटत असेल तर त्यांचं औषधही एकच होतं. मार्जिन वाढवायचं. वेग थोडा कमी होतो, पण लाइन टिकते. दहातल्या आठ ठिकाणी औषध लागू पडायचं, आणि ज्याचं औषध दहातल्या आठांना लागू पडतं त्याला आपण धन्वंतरी वाटायला लागतो. यात मार्जिनरावांचा एकट्याचा दोष नाही.

आता त्यांच्या पडद्यावर काय दिसायचं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. कोणत्याही घराचा नंबर टाकला की लागलेला वेग दिसतो, कमाल वेग दिसतो, मार्जिन दिसतं, आणि लाइन कधीपासून सलग चालू आहे तेही दिसतं. खाली आणखी दोन रकाने असतात. लाइन तुटली ती कशाने. एक रकाना 'सिग्नल गेला' आणि दुसरा 'वीज गेली'. घरात कोणी मोडेमचं बटण बंद केलं, तर मोडेम डोळे मिटण्याआधी एक्सचेंजला शेवटचा निरोप धाडतं, की बाबा, माझी वीज गेली. खोलीत या निरोपाला आचका म्हणायचे. आचका आला असेल तर घरच्यांनी बंद केलं. आचका न देता लाइन गेली तर खोट आपल्या तारेत. तपासणीतला हा पहिला धडा, आणि खोलीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो मार्जिनरावांनीच शिकवला होता.

मार्जिनरावांची आई धाकट्या भावाकडे राहत होती. वस्तीच्या अगदी टोकाला, जिथे तार पोचता पोचताच निम्मी दमते, तिथे त्याचं बैठं घर. वडील गेले तेव्हा आई कोणाकडे राहणार यावरून दोघा भावांत जे बोलणं झालं ते न सांगितलेलं बरं. मार्जिनरावांचं म्हणणं, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, नवरा-बायको दोघंही कामावर, आईला दिवसभर कोण बघणार. म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं बोलूनही माणूस हात झटकू शकतो, आणि धाकट्याला ते बरोबर कळलं. "राहू दे," तो म्हणाला. "तू फोनवरचाच मुलगा बरा." हे वाक्य मार्जिनरावांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून ते रोज जेवणाच्या सुट्टीत टेबलावरूनच आईला फोन करायचे, आजारी असले तरी चुकवायचे नाहीत. फोनवरचा तर फोनवरचा, पण त्यात तरी कोणी बोट ठेवता कामा नये.

आईला मोबाइल जमत नसे. तिच्या उशाशी मोठ्या बटणांचा जुना फोन होता, त्या मोडेमच्याच तारेवर. त्या नंबरावर फोन करणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं.

धाकटा बस डेपोत मेकॅनिक. त्याची बायको घरातूनच लहान मुलांना वाचायला शिकवायची, पडद्यावरून. एका कंपनीचं काम होतं ते. आणि या कामावर सगळं घर उभं होतं बघा, कारण आई दोनदा मोरीत पडली होती आणि तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. सून घरात असते म्हणून सासू घरात राहू शकते, इतका साधा हिशोब. सुनेचं काम गेलं तर तिला बाहेर पडावं लागणार, आणि ती बाहेर पडली की आईची रवानगी वृद्धाश्रमात. धाकट्याने हे मोठ्या भावाला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. "तिसरा रस्ता असेल तर तूच सांग." मार्जिनरावांनी विषय बदलला होता.

आणि नेमकी तीच लाइन तुटायला लागली.

धाकट्याने एक दिवस फोन केला. आवाजात आधीच तिखट. "तुझ्या लाइनचं काय चाललंय? हिचे वर्ग मधेच बंद पडतात. मुलं तिकडे तोंड उघडून बसतात आणि ही इकडे गोल फिरणारं चाक बघत बसते. कंपनी सगळं मोजते, दादा."

"बघतो," मार्जिनराव म्हणाले. आणि बघितलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईशी बोलता बोलता, कानाला फोन आणि समोर पडदा. कमाल वेग बारा, लागलेला वेग आठ, मार्जिन भरपूर. पत्रिकेत काही म्हणजे काही दोष नाही. त्यांनी धाकट्याला कळवलं, "लाइन सोन्यासारखी आहे. घोळ तुमच्या घरात असणार."

पण एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपली. लाइन कधीपासून चालू आहे, तर म्हणे आत्ता, काही मिनिटांपूर्वीपासून. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज आपण आईला फोन लावतो आणि रोज त्याच सुमाराला त्या घरातलं मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतं. याचा अर्थ काय घ्यायचा?

मार्जिनरावांनी जो घेतला तो ऐका. भावजय मुद्दाम बंद करते. आपली घंटी वाजली की तिच्या कपाळाला आठी पडते, आता म्हातारी अर्धा तास बोलत बसणार, आला फोनवरचा मुलगा, आणि रागाच्या भरात बटण खाली. वर तक्रार करायची की लाइन तुटते. माणसाच्या मनात एकदा अढी बसली की डोळे तिचेच नोकर होतात. तीन वर्षांपूर्वीचं ते वाक्य त्यांच्या पोटात होतंच, त्याला आता आकड्यांचा टेकू मिळाला. खालचे दोन रकाने तिथेच होते, बोटभर अंतरावर. आचका आहे की नाही, एक नजर टाकली असती तर काम झालं असतं. परक्याच्या घरासाठी त्यांनी ती रोज टाकली. भावाच्या घरासाठी त्यांना गरज वाटली नाही, कारण उत्तर आधीच माहीत होतं.

धाकट्याचा पुन्हा फोन आला तेव्हा ते तुटकपणे म्हणाले, "घरात कोण बटण बंद करतंय ते आधी बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे मला सगळं दिसतं इथे."

"काय दिसतं तुला?" धाकटा भडकला. "आईची कूस बदलायला हिला रात्री उठावं लागतं ते दिसतं? डोंबल दिसतं तुला." आणि फोन आपटला.

मार्जिनरावांनी फोन जागेवर ठेवला. पण मोठेपण दाखवायची खोड जात नाही. त्यांनी आपलं रामबाण औषध काढलं. त्या लाइनचं मार्जिन आणखी वाढवलं, वेग आठवरून पाचवर आणला, आणि मनात म्हणाले, आता तरी तोंड बंद होईल. लाइन तुटायची ती तुटतच राहिली. फक्त आता चालू असतानाही भावजयीचा चेहरा मुलांना ठोकळ्या-ठोकळ्यांचा दिसायला लागला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्या दिवसांत आईशी बोलणंही बदललं होतं. ती पूर्वीसारखी ऐसपैस बोलत नसे. घंटी वाजली की पहिल्या ठोक्याला उचलायची, दोन वाक्यं, मग म्हणायची, "ठेवू का रे?" मार्जिनरावांना वाटायचं, सून समोर उभी असेल डोळे वटारून. "आई, तुला बोलू देतात ना?" असं त्यांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "मला काय कमी आहे इथे? तू रोज करतोस तेवढं पुरे." हे उत्तर त्यांनी आपल्या सोयीने लावून घेतलं.

मग धाकट्याने रीतसर लेखी तक्रार केली. ऑफिसचा नियम असा की नातेवाइकाची तक्रार दुसऱ्या टेबलावर जाते. ती पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली, ज्यांना सगळी खोली ताई म्हणत असे. ताई हाताने सावकाश, तोंडाने फटकळ. त्यांनी सकाळीच नंबर टाकला, चष्मा वर केला, खाली केला.

"मार्जिनराव, या लाइनचं मार्जिन एवढं कोणी चढवलं?"

"मी. सारखी तुटत होती."

"अहो पण आचका एकही नाही. सगळं 'सिग्नल गेला'मध्ये आहे. घरात कोणी हात लावलेला नाही मोडेमला." त्यांनी पडदा पुढे सरकवला. "आणि हे बघा. काल सकाळी कमाल वेग सात. आत्ताही सात, चुका ढीगभर. दुपारी थोडा वेळ तेवढा बारा होतो आणि मग पुन्हा घसरतो. असं कधी होतं, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. गंजलेला जोड आहे कुठेतरी. घंटीचा करंट आला की जोड हादरतो, लाइन तुटते. फोन उचलला की बोलण्याचा करंट वाहतो, गंज तेवढ्यापुरता दबतो आणि लाइन ठणठणीत दिसते. ठेवला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या."  मार्जिनरावांची आई या घरी असते हे ताईंना खरंच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारलं. "रोज दुपारी या घरी फोन कोण करतं हो?"

मार्जिनरावांनी पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली. आपण लाइन फक्त तेव्हाच पाहिली जेव्हा आपण स्वतः तिच्यावर बोलत होतो. आपणच ती तोडत होतो, आणि आपल्याच बोलण्याने ती बरी झालेली पाहून तिला सोन्यासारखी म्हणत होतो. त्यांना इतकी लाज वाटली की खोलीतल्या पंख्याचा आवाजही आपल्याला हसतोय असं वाटलं.

"मी जाऊन येतो," ते म्हणाले.

ताईंनी शिडीवाल्याला बरोबर दिला. धाकट्याच्या घरासमोरच्या खांबावर डबा होता, त्याचं झाकण कधीतरी निखळलेलं. शिडीवाला वर चढला आणि खाली बघून म्हणाला, "काका, जोड हिरवागार झालाय. हात लावला तर भुगा पडतोय." मार्जिनराव खाली उभे राहून वर बघत होते. गुडघे असते तर ते स्वतः चढले असते. शिडीवाल्याने तार मागे कापली, ताजं तांबं काढलं, नवा जोड मारला आणि वरून नवं झाकण बसवलं. सगळं मिळून एक चहा होईल एवढंसं काम. त्यासाठी इतके महिने.

दार उघडंच होतं. भावजय आतल्या खोलीत इस्त्री करत होती. निळा सदरा, खिशावर कसली तरी खूण. तिच्या टेबलावरचा पडदा झाकून ठेवला होता आणि मुलांना दाखवायचे अक्षरांचे रंगीत पुठ्ठे एका पिशवीत भरले होते.

"बसा ना, दादा," ती म्हणाली. "पाणी आणते."

"जोड खराब होता. बाहेर. आमच्याकडचा दोष होता," त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "आता नाही तुटायची. वेगही पहिल्यासारखा करतो. तू कंपनीला कळव, मी वाटेल त्याच्याशी बोलतो."

"माझे वर्ग गेल्या आठवड्यात काढून घेतले. त्या मुलांना दुसऱ्या बाई मिळाल्या." तिने इस्त्री उभी केली. "सोमवारपासून गोदामात जातेय, पॅकिंगला. आईंची व्यवस्था एक तारखेपासून झाली आहे. हे तुम्हाला फोन करणारच होते. त्यांना जीवावर आलं होतं सांगायला."

मार्जिनरावांनी मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. "घंटी वाजली की लाइन जाते, हे तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं की. दुसऱ्याच आठवड्यात."

"मग सांगायचं नाही का मला? एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी हा खांब..."

"आईंनी गळ्याची शपथ घातली होती." ती रागाने बोलत नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना. "मी ह्यांनासुद्धा बोलले नाही. आई म्हणाल्या, त्याला कळलं की माझ्या फोनने तुमचं नुकसान होतं, तर तो फोन करणं बंद करेल. तो आधीच येत नाही. मी म्हटलं, मी वेळ बदलून बघते वर्गाची. कंपनीने बदलून दिली नाही. आईंनी आपल्या परीने केलं, लगेच उचलायच्या, लगेच ठेवायच्या. मला वाटायचं, लवकर ठेवला तर लवकर येईल परत." ती सदऱ्याची घडी घालायला लागली. "मला काय माहीत, दादा, की दुरुस्त होण्यासारखं आहे ते. तुम्हीच म्हणाला होतात, लाइन सोन्यासारखी आहे."

 परक्या माणसांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या त्या सगळ्या पेल्याच्या आणि दोन बोटांच्या गोष्टी, त्यातली एकही त्यांच्या तोंडाशी आली नाही. "मी तुझ्यावर संशय घेतला होता," असं काहीतरी ते पुटपुटले. तिने ऐकलं असेल किंवा नसेल. ती म्हणाली, "आई जाग्या आहेत. भेटून घ्या."

पण शिडीवाला खिडकीशी आला होता. "काका, घंटी देऊन बघू का? जोड तपासायला हवा."

"मी देतो," मार्जिनराव म्हणाले. आईच्या खोलीत जायचं धैर्य त्यांना एवढ्यात होत नव्हतं, हे खरं कारण. त्यांनी अंगणात येऊन शिडीवाल्याचा फोन घेतला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. खिडकीतून झाकलेल्या टेबलाखालचं मोडेम दिसत होतं. आत घंटी वाजली. हिरवा दिवा हलला नाही. पुन्हा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. दिवा तसाच. शिडीवाल्याने अंगठा वर केला.

आईने आज घाई केली नव्हती. सावकाश उचलला.

"तूच ना रे? आज एवढ्या लवकर?" तिचा आवाज अंगणातही ऐकू येत होता, फोनमधूनही. तो कितीतरी दिवसांनी असा मोकळा लागला होता. "बरं झालं केलास. बैस निवांत, घाई नको करू. सूनबाईचे वर्ग संपले आता. मला तिकडे नेतील तोवर वाटेल तेवढा वेळ बोल, कोणाचं काही मोडत नाही."